सोडलेली अकरा पानं

मी हिमालयात किमान वीस वेळा जाऊन आलो असेन. नर्मदेला त्याहून जास्त. सगळ्या वेळा खाटेवर पडून, पंखा तीनवर ठेवून. आखाडा बाळापूरच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं लिपिक होतो. दिवसभर हजेरीपट, जन्मतारखा आणि शाळा सोडल्याचे दाखले. घरी येऊन चहा झाला की मी चालायला निघायचो. एकटा माणूस, पाठीवर झोळी, वाटेत रान आणि रानाच्या पलीकडे कुणीतरी शांत म्हातारा साधू बसलेला, अशी पुस्तकं मला लागायची. नांदेडला गेलो की एक, हिंगोलीला गेलो की एक. बायको म्हणायची, "एवढे देव शोधणारे घरात आणून बसवलेत, एखाद्याला तरी दळण आणायला धाडा."

तुम्ही का जात नाही, असं कुणी विचारलं की मी संसाराकडे बोट दाखवायचो. खरं कारण सांगायची लाज वाटायची. मला परक्या ठिकाणी पोट साफ होत नाही. मेहुण्याच्या लग्नात तीन दिवस परगावी राहिलो तर चौथ्या दिवशी दवाखाना करावा लागला होता. एवढ्याशा कारणासाठी माणूस देवापासून लांब राहतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. निवृत्त झालो की जायचं, असं मात्र मनाशी धरलं होतं. निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली.

निवृत्तीनंतर आम्ही गावी राहायला आलो. बाळापूरपासून थोडं आत, कयाधूच्या काठावर आमचं गाव आहे. इथे श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. चार वाजता सुरू होते आणि दिवेलागणीच्या आत आरती होते. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, अशी रीत. वाचणारा जुन्या मराठीतली ओवी म्हणून थांबतो, अर्थ सांगणारा ती गावच्या बोलीत उलगडतो, आणि तेवढ्या वेळात वाचणारा सुपारी चघळून घेतो. वाचायचं काम आमच्या घराण्याकडे पूर्वीपासून, म्हणून ते माझ्याकडे आलं.

अर्थ सांगायचा तो गावातलाच एक शेतकरी. माझ्याच वयाचा, दुसरीत माझ्या शेजारी बसलेला. मग त्याची शाळा सुटली आणि अक्षरंही सुटली. सही तेवढी येते. पण कान असा की एकदा ऐकलं ते कायमचं आत गेलं. पोथ्या त्यानं कधी वाचल्या नाहीत, नुसत्या ऐकून ऐकून पाठ केल्या. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला महाराज म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी मलाच नसती हौस सुचली. दरवर्षी तीच पोथी, लोकांना पुढची ओवी आधीच माहीत, बायका वाती वळत गप्पा मारायच्या. मी म्हटलं, यंदा परिक्रमेचं पुस्तक लावू. नर्मदा उजव्या हाताला ठेवून पायी तिला पूर्ण फेरी घालायची, अशी ती परिक्रमा, आणि ती केलेल्या एका गृहस्थानं लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे होतं. माझं सगळ्यात लाडकं. जाणती माणसं कुरकुरली. एक म्हातारे तर उठूनच गेले, "ही काय पोथी हाय व्हय? त्यो मानूस पँट घालतो." भाऊनं माझी बाजू घेतली. त्यानं घरून पिवळं फडकं आणलं, पुस्तक त्यात बांधलं, चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाला, "आता झाली पोथी." मग पुस्तकाला पोथीचे सगळे नियम लागू झाले. पारोशानं हात लावायचा नाही, मध्येच उठायचं नाही आणि एक अक्षरही गाळायचं नाही.

पुस्तक साध्या मराठीत होतं, त्याचा अर्थ काय सांगायचा? पण रीत ती रीत. मी एक परिच्छेद वाचून थांबायचो आणि भाऊ गुडघ्यावर हात ठेवून सुरू व्हायचा. "महाराजांनी काय वाचलं? तर नदीला धुकं पडलं व्हतं. आता धुकं म्हंजी कसं, तर आपल्या कयाधूवर पुसात पडतं तसं न्हाई बरं. ह्या धुक्यात मानूस सोताचा हात सोता शोधतो." लेखकानं दोन ओळींत उरकलेल्या गोष्टीला भाऊ दहा मिनिटं लावायचा. त्यानं नर्मदा कधी पाहिली नव्हती, मीही पाहिली नव्हती. देवळावरच्या भोंग्यातून ती साऱ्या गावात वाहत होती. वाती वळणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. खरं सांगायचं तर मलाच ते पुस्तक त्या श्रावणात पहिल्यांदा कळलं.

आणि त्याच श्रावणात मी ती अकरा पानं सोडली.

चौथं प्रकरण नियमांचं होतं. सोबत काय घ्यावं, काय घेऊ नये, कुठं मुक्काम करावा, काय टाळावं, एकाखाली एक आकडे घालून लिहिलेलं. त्या दिवशी झिमझिम लागली होती, म्हातारी माणसं पेंगत होती. पाचव्या प्रकरणात झाडी सुरू होत होती, तिथं मला लवकर पोचायचं होतं. मी अकरा पानं एकदम उलटली आणि तोंड वर न करता वाचत राहिलो. कुणाला काही कळलं नाही. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, कारण एरवी घरी वाचतानाही मी ते प्रकरण सोडतच आलो होतो. ज्याला जायचंच नसतं त्याला नियम कशाला लागतात?

दिवाळीनंतर सोयाबीन विकून भाऊ निघाला. मला आदल्या दिवशी सांगायला आला तेव्हा मी चिवडा खात होतो. म्हणाला, "महाराज, मी जाऊन राहिलो." मला वाटलं बाजाराला. "नर्मदेला," तो म्हणाला. "तुमी चला." मी पोटाचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरं कारण सांगितलं, तेही हातात चिवड्याची वाटी धरून. तो हसला नाही. "मंग मी दोघांचं चालतो," एवढं बोलून वाकून नमस्कार करून गेला. मी दारात उभा राहिलो. मला आनंद झाला होता असं लिहायला बरं वाटेल, पण मला हेवा वाटला होता. तीस वर्षं मी वाचत होतो आणि एका श्रावणात ऐकून हा माणूस निघाला.

तो एकादशीला फोन करायचा. साधा बटणांचा फोन, कुठल्यातरी आश्रमात चार्ज केलेला. आधी "नर्मदे हर" म्हणायचा, मग बायकोपोरांची विचारपूस, मग म्हणायचा, "सगळं बराबर पुस्तकात हाय तसंच हाय महाराज." माणसं कशी बोलावून शिधा देतात, पायाला फोड आले की कोण काय लावतं, अमक्या घाटावर सकाळी कसं वाटतं. मी पुस्तक उघडून बसायचो आणि तो कुठं पोचला ते पान शोधायचो. थंडी अशी गेली. भाऊची बायको दुपारची यायची, "आता कोन्त्या गावाला आसतील?" असं विचारायची आणि मी तिला ते पान वाचून दाखवायचो. एखादं पान तर ती दुसऱ्यांदा वाचायला लावायची. त्या चार महिन्यांत मी मनानं जितका चाललो तितका कधीच चाललो नव्हतो.

मग उन्हं तापायला लागली. परिक्रमा संपायला आठवडाभराची वाट राहिली होती. एकादशी होती आणि भाऊचा फोन सकाळीच आला. आवाज पोरासारखा खुशीत. "महाराज, आज मैयानं फराळ धाडला." काठापासून थोडं आत, वाळूच्या बेटावर टरबुजांची वाडी होती. वाडीवाल्यानं हाक मारली, "आओ बाबा, फल खाओ." मध्ये घोटाभर पाण्याची धार होती, ती तुडवून हा पलीकडे गेला, वाळूत बसून अर्धं टरबूज खाल्लं आणि पाय धुऊन परत आला. "येवढं गोड टरबूज उभ्या जन्मात खाल्लं न्हाई," तो म्हणाला.

मला ते कुठंतरी खटकलं. का ते मला नीट सांगता येत नव्हतं. फोन ठेवला, हात धुतले आणि ती अकरा पानं पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. सहाव्या पानावर ते होतं. परिक्रमा करणाऱ्यानं नर्मदेची धार कुठंही ओलांडू नये. तिला येऊन मिळणारे नदीनाले ओलांडावेत, पण तिची स्वतःची धार घोट्याएवढी असली तरी ओलांडू नये आणि बेटावर जाऊ नये. ओलांडल्यास परिक्रमा खंडित झाली असं समजून पुन्हा पहिल्यापासून उचलावी.

दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला ते पाणी बघून कदाचित शंका आली असती. आम्हाला यायची नाही. आमची कयाधू माघात आटते. तिच्या पात्रातून बैलगाड्या जातात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि पलीकडच्या काठावर भाऊचं स्वतःचं वावर आहे. तो दिवसातून चार वेळा नदी ओलांडतो आणि ओलांडली असं त्याच्या मनातही येत नाही. घोटाभर पाण्याला नदी म्हणायची सवय आम्हाला नाही.

मी त्याला उलटा फोन केला नाही. काय सांगणार होतो? दोन दिवस तो तसाच आनंदात चालला. तिसऱ्या मुक्कामी आश्रमात त्यानं टरबुजाची गोष्ट रंगवून सांगितली आणि तिथल्या बाबानं हात जोडून म्हटलं, "आपकी परिक्रमा खंडित हो गयी." आता पुन्हा पहिल्यापासून. भाऊचा गुडघा तोवर टम्म सुजलेला होता. राहिलेले चार दिवस तो तरीही चालला, जिथून निघाला होता तिथं पोचला, आणि परत आला.

आल्यावर नांदेडच्या डॉक्टरांनी गुडघा बघून सांगितलं की इथून पुढे वावरापर्यंत चाललात तरी पुष्कळ झालं. म्हणजे पुन्हा जायचा प्रश्न मिटला. राहिला तो एवढाच, की झालेली परिक्रमा झाली म्हणायची की नाही. आमच्याकडे यात्रा करून आलं की मावंदं घालतात. सोबत आणलेल्या पाण्याची पूजा, गावजेवण, लेकीबाळींना बोलावणं. त्याशिवाय यात्रा पदरात पडत नाही. भाऊनं मावंदं घातलं नाही. नर्मदेच्या पाण्याची बाटली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि ओसरीवर बसून राहिला. पारावरची टारगट पोरं "खंडित बाबा" म्हणायला लागली होती, तेही त्याच्या कानावर गेलंच असणार.

मग एक दिवस त्याची बायको माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, उभ्यानंच बोलली. "जेवायला बसत्यात आन उठत्यात. बोलत न्हाईत. तुमी शिकलेली मानसं. झाली म्हना त्यांना, महाराज. तुमी म्हनले तर आयकतील." मी म्हटलं, सांगतो.

गेलो. भाऊ मला बघून सरकून बसला. मी समोरच्या म्हशीच्या दुधाची चौकशी केली. मग त्यानंच विचारलं, "महाराज, धार वलांडायची न्हाई असं आपल्या पुस्तकात कुठं हाय का? मला तर आठवत न्हाई. तुमी वाचलं आसतं तर माझ्या ध्यानातून गेलं नसतं."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "नाही. पुस्तकात तसं काही नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "मंग ह्ये त्या बाबानं कायबी काढलं म्हना की," तो म्हणाला आणि आत ओरडून चहा सांगितला. त्या दिवशी तो पोटभर जेवला, असं त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, विनयानं.

त्यानंतरच्या महिन्यांत मी एकही पुस्तक उघडलं नाही. आधी वाटलं, लाजेनं. पण एकदा दुपारी कपाटापुढं उभा राहिलो आणि कळलं की ओढच गेली आहे. ती सगळी एकटी माणसं, त्यांचे डोंगर, त्यांचे साधू. मला त्यांच्यातलं काही नको होतं. मला फक्त वाचायला हवं होतं. ज्याला खरोखर हवं होतं तो एकच माणूस माझ्या ओळखीचा, आणि त्याला मी अर्ध्या माहितीनं रस्त्याला लावलं होतं. देव आहे की नाही मला ठाऊक नाही. पण असलाच तर माझी त्याच्याशी गाठ पडायची आशा मी त्या दुपारी सोडली.

आषाढ संपता संपता भाऊ लंगडत घरी आला. चेहऱ्यावर जुना हुरूप. "महाराज, ह्या श्रावनात तेच पुस्तक लावायचं. पयल्यापासून, येक अक्षर न सोडता. भोंग्यावर जाऊ द्या सगळं. ज्यांना खंडित म्हनायचं त्यांनी कान उघडे ठिवून आयकावं. समाप्तीच्या दिवशी मावंदं घालतो. लेकीला बोलावनं धाडलंय." मी म्हटलं, दुसरं पुस्तक आहे, चांगलं आहे. त्यानं ऐकलंच नाही. मी घसा बसल्याचं सांगितलं, तर संध्याकाळी तो ज्येष्ठमध घेऊन आला.

श्रावण लागला. तीन प्रकरणं तीन दिवसांत झाली. चौथ्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. भाऊची लेक सासरहून आली होती, ती आईशेजारी बसली होती. बाहेर पाऊस होता. मी चौथं प्रकरण उघडलं आणि त्या क्षणापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. अकरा पानं चिमटीत धरली होती. पण भाऊ या वेळी समोर न बसता अगदी माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसला होता. त्याला वाचता येत नाही, पण पानं मोजता येतात. मी चिमूट सोडली आणि वाचायला लागलो.

भराभर वाचलं. सपाट आवाजात, बाजारभाव सांगावेत तसं. पहिल्या पानाचा अर्थ त्यानं खुशीत सांगितला. दुसऱ्याचाही. पाचव्या पानापर्यंत त्याचा आवाज बारीक होत गेला. यातलं काहीच त्यानं पूर्वी ऐकलेलं नव्हतं, आणि ज्याच्या कानातून काही सुटत नाही त्याला ते कळायला किती वेळ लागणार? सहाव्या पानावर तो नियम आला. मी तो वाचला. घोट्याएवढी धार, बेट, खंडित, पुन्हा पहिल्यापासून, सगळं वाचलं आणि रीतीप्रमाणे थांबलो.

भाऊनं माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवला, तो सुजलेल्याच गुडघ्यावर होता, आणि अर्थ सांगायला सुरुवात केली. "ह्याचा अर्थ आसा. पानी किती हाय ते बघायचं न्हाई. घोटाभर आसलं तरी ती नदीच हाय. ज्यानं तिच्यात पाय घातला त्याचं चाललेलं सगळं वाया गेलं."

मागून कुणीतरी विचारलं, "भाऊ, गेल्या साली तर ह्ये वाचल्यालं आठवत न्हाई."

"वाचलं व्हतं," भाऊ म्हणाला. "महाराजांनी बराबर वाचलं व्हतं. अर्थ बी म्याच सांगितला व्हता. मीच ध्यानात ठिवलं न्हाई, त्याला महाराज काय करतील?"

मग बायका बसल्या होत्या तिकडे मान वळवून त्यानं बायकोला सांगितलं, "मावंद्याचं राहू दे." लेकीनं पदर तोंडाला लावला. भाऊ माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वाचा पुढं."

माईक माझ्याच तोंडासमोर होता. मी पुढचा नियम वाचला.